चाकावरचं पाणी

"मी काढलं पेट्रोल," चांगुणा म्हणाली, आणि हातातला चहाचा ट्रे तिनं इतका सावकाश ओट्यावर ठेवला की एकाही कपातला चहा हिंदकळला नाही.

अंगणात रविवारची गाडीची शाळा भरली होती. वस्तीवरची पोरंटोरं, बॉनेट उघडं टाकून उभी असलेली पांढरी गाडी, खुर्चीवर मानानं बसवलेले पाहुणे आदिनाथ सर, आणि शेडच्या भिंतीपाशी खडू घेऊन उभी असलेली दिशा... चांगुणेची स्वतःची लेक. त्या लेकीनंच आत्ता भिंतीवर भागाकार केला होता. टाकी काठोकाठ भरल्यापासून पुन्हा काठोकाठ भरेपर्यंत गाडी किती चालली, भागिले किती पेट्रोल लागलं. उन्हाळ्यात हेच उत्तर अठरा यायचं. आज आलं तेरा. पोरीनं उत्तराखाली दोन ठसठशीत रेघा ओढल्या आणि अभिमानानं मागं वळून बघितलं. त्या दोन रेघा आपण आपल्याच घराच्या अब्रूखाली ओढल्या आहेत, हे त्या कोवळ्या जिवाला कुठून कळावं?

"अठराचे तेरा," तिचा काका छगन त्यावर म्हणाला होता. तोच या शाळेचा मास्तर. "गाडी तीच, रस्ता तोच. मग राहिलेलं पेट्रोल गेलं कुठं? वस्तू आपोआप नाहीशी होते का?"

"न्हाई," पोरं एका सुरात ओरडली.

"मग मास्तर, घरातच गळती हाय म्हना की," आदिनाथ सर म्हणाले. चहा यायच्या आधीच त्यांनी बिस्कीट हातात धरून ठेवलं होतं आणि वेळ घालवायला काहीतरी बोलायचं म्हणून ते बोलले. मोठी माणसं हसली. पण हसू ओसरता ओसरता सगळ्यांचे डोळे, नको नको म्हणत, एकाच माणसावर येऊन थांबले.

गाडी छगनच्या नावावर होती, पण आठवडाभर चालवायचा त्याचा थोरला भाऊ रामहरी. खताची पोती, आजारी शेजारी, बाजारातून येणारी माणसं, सगळं तोच वाहायचा. तो गोठ्याच्या दाराशी उभा होता. त्यानं वर बघितलं नाही. त्यानं मान खाली घातली.

ती खाली गेलेली मान चांगुणेनं पाहिली. नवऱ्याच्या तोंडून पुढचा शब्द यायच्या आत तिनं आपला शब्द पुढं टाकला होता.

"वहिनी?" छगन म्हणाला. "तुम्ही?"

"माझा भाऊ येतो ना खर्ड्याहून, बन्सी. त्याच्या मोटरसायकलीला दिलं. नळी घालून काढलं. चुकलं माझं, भाऊजी."

दिशाच्या हातातला खडू मोडला. तिनं भिंतीवरचं उत्तर पुसलं नाही. नुसती आईकडे बघत राहिली, अनोळखी बाई चुकून आपल्या अंगणात शिरल्यासारखी.

रामहरीनं मान वर केली, बायकोकडे एकदा बघितलं, आणि गोठ्यात निघून गेला.

*

काष्टीच्या शिवारातल्या या वस्तीचं गणित तसं सरळ होतं. बाप लवकर गेला तेव्हा रामहरीनं शाळा सोडली आणि लिंबोणीची बाग धरली, म्हणून छगन शिकला, विज्ञानाचा मास्तर झाला. हे ऋण छगन विसरला नव्हता. दर दिवाळीला फराळाच्या ताटावर तो भरल्या गळ्यानं म्हणायचा, "दादा नसता तर मी नसतो." एवढं म्हटलं की त्याला वर्षभर हलकं वाटायचं. उरलेलं वर्ष तो दादाला टायरमध्ये हवा किती असावी ते समजावून सांगायचा.

पण माणूस वाईट नव्हता, आणि मास्तर म्हणून तर फारच चांगला. पुस्तकातलं विज्ञान पोरांच्या कानावरून वाहून जातं हे त्यानं ओळखलं आणि गाडीच फळा केली. ऑइलची काडी बाहेर काढून पुसायची, पुन्हा बुडवायची, दोन खुणांमधलं अंतर मोजून अपूर्णांक शिकायचा. सकाळी थंड टायरची हवा मोजायची, उन्हात फिरवून आणलेल्या टायरची पुन्हा मोजायची, म्हणजे तापल्यावर हवा का फुगते ते बोटांना कळतं. वायपरनं काचेवर काढलेली कमान म्हणजे वर्तुळाचा तुकडा. दहा वर्षांचा ओम, म्हणजे छगनचा मुलगा, पान्याला लोंबकळून चाकाचे नट सैल करायचा आणि लांब दांड्याचा पाना का सोपा जातो ते सगळ्यांना ओरडून सांगायचा. पण या शाळेचा खरा हिरा दिशा. काकाचा प्रश्न पुरा व्हायच्या आत तिचा खडू चालू लागायचा. चांगुणा भाकरी थापता थापता खिडकीतून ते बघायची आणि तिच्या मनात येई, आपल्याला दोन अक्षरं जोडताना घाम फुटायचा, अन् आपल्या पोटी हे असलं रत्न...

उन्हाळ्याच्या शेवटी एका रविवारी तरफेचा पाठ झाला होता. वस्तीचं अंगण रस्त्याकडे उतरतं आहे, म्हणून गाडी हॅंडब्रेक लावूनच उभी करावी लागते. तो हॅंडब्रेक सैल झाला होता. छगननं पोरांना भोवती बसवून दांड्याखालचा नट पान्यानं आवळला, अजून आवळला, आणि म्हणाला, "आता ओमनं दोन बोटांनी ओढला तरी एवढी मोठी गाडी जागची हलणार नाही. ही तरफेची ताकद." पोरांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्या आठवड्यात रामहरी म्हणाला होता, "छगन, गाडी जड वढतीय रं." त्यावर छगन हसून म्हणाला होता, "दादा, गाडी जड-हलकी होत नसते. वजन तेवढंच असतं." रामहरी गप्प बसला. शिकलेल्या भावापुढे गप्प बसायची त्याला सवयच होती.

मग चांगुणेनं नवऱ्यावर संशय का घ्यावा?

कारण त्या रविवारच्या आदल्या दिवशी तिला गोठ्यात गवताच्या भाऱ्यामागं पेट्रोलचा कॅन दिसला होता, आणि वर ओली नळी. रात्री जेवताना रामहरीच्या हाताला पेट्रोलचा वास येत होता. तिनं विचारलं नाही. विचारलं असतं तर एका वाक्यात मिटलं असतं. पण तिला त्या वाक्याचंच भय वाटलं. आणि दुसऱ्या दिवशी पोरीचा भागाकार, पाहुण्यांचं हसू, नवऱ्याची खाली गेलेली मान, असं सगळं एकावर एक येऊन पडलं, आणि त्या साध्या बाईनं तिन्हीची बेरीज करून टाकली.

एकदा बेरीज झाल्यावर ती थांबली नाही. ज्या भावानं भावासाठी शाळा सोडली, त्याला त्याच भावाच्या अंगणात चोर ठरू द्यायचं? त्यापेक्षा आपण बाईमाणूस. बाईमाणसानं माहेराला चोरून काही दिलं, तर लोक चार दिवस बोलतात आणि विसरतात...

लोक विसरले नाहीत. गिरणीत दळण ठेवताना बायका मधेच बोलणं थांबवू लागल्या. धाकटी जाऊ उज्ज्वला तोंडानं काहीच बोलली नाही; तिनं फक्त तुपाचा डबा वरच्या फळीवर ठेवला, आणि चांगुणेला तो काढायला स्टूल लागू लागलं. गाडीची चावी दाराशेजारच्या खिळ्यावरून छगनच्या खोलीत गेली. रामहरी रात्रीच्या लाईटवर झाडांना पाणी द्यायचं निमित्त करून बागेतल्या खोपीत झोपू लागला. जेवायला यायचा, ताट पुढं सारायचा, निघून जायचा. त्याच्या मौनाचा तिनं आपल्यापुरता अर्थ लावला होता. स्वतःच्या अपराधानं शरमला असेल, मला तोंड दाखवत नसेल. तिला त्याची दयाच येई, आणि दया करताना तिला स्वतःचा थोडा मोठेपणाही वाटे. देवानं तो मोठेपणा व्याजासकट परत घ्यायचं ठरवलं होतं.

पण हे सगळं एका बाजूला, आणि दिशा एका बाजूला.

पोरीनं रविवारची शाळा सोडली. ओम बोलवायला आला की म्हणायची, "डोकं दुखतंय." एकदा चांगुणा तिच्या केसांना तेल लावायला बसली, तर दिशा तेलाची वाटी बाजूला सारून म्हणाली, "आई, माझं गणित चुकलं असतं तर बरं झालं असतं."

"तुजं काय चुकलं, बाळा?"

"तेच म्हणते. बरोबर आलं."

चांगुणेच्या घशाशी खरं येऊन थांबलं. बापाला वाचवायचं तर लेक हातची जात होती, लेकीला जवळ घ्यायचं तर बाप. तिनं ते खरं पाण्याच्या घोटाबरोबर खाली लोटलं आणि एकटीच तेलाची वाटी घेऊन उठली.

राखीपौर्णिमेला बन्सी आला नाही. दरवर्षी उजाडायच्या आत खर्ड्याहून निघायचा, मोटरसायकलीला पिशवी लटकवून, पिशवीत तिच्या आवडीच्या सीताफळांची पहिली तोड. यंदा ती दुपारपर्यंत ताट लावून बसली. फोन केला तर म्हणाला, "ताई, जनावर अडलंय, न्हाई जमायचं." आवाजात राग नव्हता, आणि तेच तिला जास्त लागलं. त्या निष्पाप भावाला आपण भर अंगणात चोरीचा वाटेकरी केलं. कुणाच्या तरी तोंडून त्याला ते कळलं असणार. तिनं राखी देवघरातल्या कोनाड्यात ठेवली आणि दिवसभर त्या कोनाड्याकडे पाठ करून कामं केली.

*

गणपती झाल्यावर एका गुरुवारी छगन, उज्ज्वला आणि ओम शिर्डीला दर्शनाला गेले. दिवस मावळता मावळता गाडी फाटकाशी येऊन थांबली.

त्या घरात एक पद्धत होती. देवाहून आलेली गाडी आत घेण्याआधी चारी चाकांवर पाणी घालायचं. पूर्वी बैलांच्या पायावर घालत, आता चाकांवर. आणि ते थोरल्या सुनेनं घालायचं.

"आज ऱ्हाऊ द्या जाऊबाई, मी घालते," उज्ज्वला गाडीतून उतरत म्हणाली. शब्द मऊ होते. त्यातला काटा ज्याचा त्याला कळावा असा होता.

"थोरलीनंच घालायचं असतं," छगन म्हणाला. प्रेमानं नव्हे, नियम म्हणजे नियम, एवढ्याच भावनेनं.

चांगुणा तांब्या घेऊन आली. पदर डोक्यावरून नीट घेतला. पुढच्या डाव्या चाकावर पाणी घातलं, ते मुकाट खाली ओघळलं. पुढच्या उजव्या चाकावर घातलं, तेही ओघळलं. मागच्या चाकापाशी आली, धार धरली, आणि—

चर्रर्र...

पांढरी वाफ वर आली. जळक्या वासानं ती दचकून मागं सरली. मग, जन्मभर तव्यावर पाण्याचा शिंतोडा मारून भाकरी टाकायची वेळ ओळखणारी तिची बोटं आपोआप तांब्यात गेली, आणि तिनं त्या चाकावर शिंतोडा मारला. थेंब टुणकन नाचला आणि विरून गेला.

"भाजलंय," ती स्वतःशीच पुटपुटली. "चाक भाजलंय की."

पायरीवर बसलेली दिशा उठली होती. कित्येक आठवड्यांनी ती आईच्या इतक्या जवळ येऊन उभी राहिली.

"आई, परत शिंपड. आता पुढच्यावर... आता त्या बाजूच्या मागच्यावर." पुढचं चाक गप्प. मागचं चरचरलं. दिशाच्या कपाळावर ती जुनी, खडू हातात असतानाची आठी आली. "काका, पुढची थंड आणि मागची दोन्ही तापलेली. असं कसं?"

"ब्रेक मारले असतील रस्त्यात," छगन सामान उतरवता उतरवता म्हणाला.

"मग पुढची पण तापली असती."

"पप्पा, राहुरीपासून वास येत होता," ओम म्हणाला. "तुम्हीच म्हणालात, साखर कारखान्याचा आहे."

"कारखाना तर बंद हाय अजून," मागून रामहरीचा आवाज आला. वैरणीचा भारा डोक्यावर तसाच ठेवून तो फाटकापाशी थांबला होता. "दिवाळीबिगर गाळप चालू हुत न्हाई."

छगननं हातातली पिशवी खाली ठेवली. तो गाडीत बसला, गाडी अंगणात वरच्या अंगाला नेली आणि बंद केली. गिअर काढला. हॅंडब्रेक पूर्ण खाली सोडला. पायही ब्रेकवरून उचलून दाराबाहेर काढला, सगळ्यांना दिसेल असा.

उतारावर, कुणीही न धरलेली गाडी तशीच उभी राहिली.

वास्तविक ती पाण्यासारखी रस्त्याकडे घरंगळायला हवी होती. अंगण तेच, उतार तोच. छगन खाली उतरला, खांदा लावून ढकललं, तरी ती हलेना. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग हळूहळू उतरत गेला. शिकवलेला धडा जेव्हा उलटून मास्तरालाच प्रश्न विचारतो, तेव्हा होतो तसा तो चेहरा झाला.

"ब्रेक सोडला तरी धरलेलाच आहे," दिशा हलक्या आवाजात म्हणाली. "काका... तो नट."

त्यानं दांड्याखालचं रबर वर केलं, पाना मागितला. ओमनं धावत आणून दिला. छगन नट सैल करू लागला. थोडा, अजून थोडा. आणि एकाएकी, कुणी हात न लावता, गाडी एखाद्या जनावरानं दावं सुटल्यावर पाऊल टाकावं तशी हलली आणि मागं सरकू लागली. रामहरीनं भारा टाकला, धावत जाऊन दगड उचलला आणि चाकामागं लावला.

मग दिशा बोलू लागली.

"पेट्रोल कुणी काढलंच नव्हतं. ब्रेक चाकाला घासत होते. सगळं चाकात जळत होतं. घर्षणानं उष्णता होते... तुम्हीच शिकवलं होतं, काका."

छगन गुडघ्यावर होताच. तसाच सरकत तो रामहरीच्या पायाशी आला.

"दादा, तू सांगितलं होतंस, गाडी जड ओढते म्हणून. मी तुझ्यावर हसलो. माझ्या हातानं आवळलं मी... आणि परक्या माणसासमोर माझे डोळे तुझ्याकडं गेले. माझे डोळे फुटले का नाहीत त्या वेळी?"

"ऊठ रं. पोरं बघत्यात."

"बघू दे. हेही शिकू दे."

उज्ज्वला मात्र हिशेबाची पक्की. तिच्या कपाळावरची आठी वेगळ्याच प्रश्नाची होती. "पन मंग," ती हळूच म्हणाली, "पेट्रोल गेलंच न्हाई, तर जाऊबाईंनी काढलं ते काय?"

सगळे वळले. चांगुणा रिकामा तांब्या पोटाशी धरून उभी होती. छगनच्या ध्यानात आलं, आणि तो हात जोडून तिच्यापुढं वाकला. "वहिनी, तुम्ही आमच्यात भांडण नको म्हणून... घर फुटू नये म्हणून चोरी अंगावर घेतलीत. माणूस नाही तुम्ही, देवी आहात."

दिशा येऊन आईच्या कमरेला बिलगली, हुंदके देऊ लागली. उज्ज्वलानंही पदर डोळ्याला लावला. असा क्षण, की ज्याची चांगुणेनं अंथरुणावर पडल्या पडल्या कितीदा तरी स्वप्नं रंगवली असतील. पण तिचं लक्ष कुणाकडेच नव्हतं. ती नवऱ्याकडे बघत होती, आणि नवरा तिच्याकडे.

"म्हंजे," रामहरी अगदी हळू म्हणाला, "तुलाबी वाटलं हुतं... मीच घेतलं म्हनून."

त्यानं भारा उचलला आणि तो गोठ्यात गेला.

सगळ्या अंगणात तेवढ्या एकालाच तिच्या त्यागाची खरी किंमत कळली होती. ज्याच्यासाठी चोर झाली, त्याला आधी तिनं मनात चोर केलं होतं. देवी म्हणे! तिला वाटलं, त्या तापल्या चाकावर पडलेल्या थेंबासारखं आपणही आत्ता विरून जावं.

*

गोठ्यात तो गाईपुढं वैरण टाकत होता. ती दारातच थांबली.

"कॅन दिसला हुता," ती म्हणाली. "त्या भाऱ्यामागं. नळी वली हुती. तुमच्या हाताला वास येत हुता."

"फवारनीच्या पंपाला आनलं हुतं. पंप सांडत हुता, नळी बदलली." तो वळला नाही. "लिंबावर रोग पडलाय, तुलाच म्हनलो हुतो."

"व्हय. म्हनला हुता."

"मंग इचारायचं न्हाई का?"

"भ्या वाटलं." ती म्हणाली. "तुमी व्हय म्हनला असता तर मी काय केलं असतं? तुमी मान खाली घातली तवा..."

"मान लाजनं खाली गेली, चांगुणा. ज्याला हातानं वाढवलं, त्याच्या अंगनात चोरावानी बघत्यात म्हनून. मला काय ठावं, माझी बायकूबी त्यांच्यातच उभी हाय."

ती खाली बसली. पदराचा बोळा तोंडात धरला तरी रडणं दाबलं जाईना. गाय रवंथ करायची थांबून तिच्याकडे बघू लागली. मग रामहरीनं हातातली वैरण टाकली आणि दावणीच्या कठड्यावर टेकला. आता त्यानं मान खाली घातली होती, आणि या वेळी कारण वेगळं होतं.

"मीबी काय लई मोठा न्हाई," तो म्हणाला. "तू म्हनलीस, बन्सीला दिलं, अन् मी ते खरं धरलं. एकदाबी वाटलं न्हाई, ही असं करायची न्हाई म्हनून. बागंत निजायचो ते तुझ्यावरच्या रागानं. अन्..." तो अडखळला. "मी बन्सीला फोन केला हुता. लई बोललो त्येला. म्हनलं, बहिनीला चोर करून पेट्रोल पितोस, पुन्यांदा आमच्या दारात पाय ठेवू नगंस."

चांगुणेनं डोळे पुसले. "मंग? तो काय म्हनला?"

"तेच तर." रामहरी म्हणाला. "म्हनला, व्हय दाजी. मीच मागितलं. ताईचा काय दोष न्हाई, तिला बोलू नगा."

ज्या घरात थेंबभर चोरी झाली नव्हती, तिथं एक मनातून चोर ठरला, एक आपल्या तोंडानं चोर झाली, आणि तिसऱ्यानं तर काय झालं ते न विचारताच कबूल केलं. एकानंही दुसऱ्याला साधा प्रश्न म्हणून विचारला नव्हता. आणि विश्वासाच्या परीक्षेत सगळ्यात वरचा नंबर कुणाचा, तर ज्याला उंबऱ्याबाहेर काढलं त्याचा. त्यानं बहिणीचा शब्द खोटा आहे हे जाणून तो आपल्या अंगावर खरा करून घेतला.

"राखी तशीच हाय," चांगुणा म्हणाली.

"ठावं हाय. कोनाड्यात." रामहरी उठला, आणि तिला उठवायला त्यानं हात पुढं केला. हाताला वैरणीचा वास येत होता. "सकाळी जाऊ. पन बन्सीपुढं मी काय तोंड घिऊन उभा ऱ्हानार, तेवढं सांग."

"मी हाय ना संगं," ती म्हणाली. "माझं तोंड तर तुमच्याहून काळं हाय."

*

चावी पहाटेच खिळ्यावर परत आली होती. कुणी ठेवली ते कुणी विचारलं नाही. तुपाचा डबाही खाली आला होता, उज्ज्वलानं त्यातलंच तूप लावून वाटेसाठी पोळ्या बांधून दिल्या आणि डोळे चुकवत म्हणाली, "जाऊबाई, बन्सीदादांना माझाबी नमस्कार सांगा." छगन निघताना फाटकापर्यंत आला. काहीतरी लांबलचक बोलायचं त्याच्या मनात होतं, पण शेवटी तो एवढंच म्हणाला, "दादा, गाडी कशी ओढते ते आल्यावर सांग. ऐकीन."

खर्ड्याच्या किल्ल्याची तटबंदी दिसू लागली तशी चांगुणेनं पिशवीतून राखी काढून हातात घेतली. शेजारी रामहरी, मागं दिशा. किल्ला दिसल्यावर दिशा म्हणाली, "आई, मामा बोलेल ना आपल्याशी?"

चांगुणेला ते ठाऊक नव्हतं.

बन्सी दारातच होता. गाडी ओळखून तो उभा राहिला. रामहरी उतरला, पण त्याच्यानं दोन पावलांपुढं जाववेना. चांगुणा हातात राखी घेऊन उतरली. राखीची जरी उन्हात चमकत होती. बन्सीनं दोघांकडे बघितलं, राखीकडे बघितलं, आणि तो आत वळला.

"आत गेला," रामहरी पुटपुटला. "बराबर हाय त्येचं."

चांगुणेनं डोळे मिटले.

उघडले तेव्हा बन्सी भरलेला तांब्या घेऊन बाहेर येत होता. "काष्टीवाल्यांनो, तुमच्याकडं माहेरवाशिनीच्या गाडीला पानी घालायची रीत न्हाई व्हय?" तो म्हणाला. "थांबा दाजी, पाय धरायला वाकू नगा. आधी रीत हुंद्या."

तो पुढच्या चाकापासून पाणी घालत आला. मागच्या चाकापाशी पोचला तेव्हा दिशा नकळत आईचा हात घट्ट धरून पुढं झुकली. चांगुणेनंही कान दिले.

बन्सीनं धार धरली. पाणी चाकावरून सावकाश ओघळलं आणि आवाज न करता मातीत जिरलं.